गरमी वाढली की ओझोन का वाढतो? दर्यावर काम करणाऱ्यांसाठी थोडी माहिती



मोबाईलवर हवेची माहिती बघणारे आता आपल्यात पुष्कळ झालेत. त्या यादीत पीएम १०, पीएम २.५ यांच्याबरोबर ‘ओझोन’ असं एक नाव येतं. ते बघून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ओझोन तर चांगला ना? मग तो प्रदूषणाच्या यादीत कसा? आणि समुद्रावरची हवा शुद्ध असते, मग आपण कशाला काळजी करायची? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. उत्तर जरा लांब आहे, पण आपल्या छातीशी आणि आपल्या डिझेलशी त्याचा संबंध आहे, म्हणून सवडीने वाचा.

ओझोन एकच, जागा दोन

शाळेत मुलं १६ सप्टेंबरला ओझोन दिनाची चित्रं काढतात. तो ओझोन वर, साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. सूर्याचे घातक किरण तो अडवतो. त्याला भोक पडत होतं म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला आणि फ्रीजमधले जुने वायू बंद झाले. तो ओझोन राहिलाच पाहिजे.

आपण बोलतोय तो खालचा ओझोन, जो आपण श्वासात घेतो. वायू तोच, पण जमिनीलगत तो विषासारखा वागतो. घसा खवखवतो, खोकला येतो, खोल श्वास घेतला की छातीत दुखतं, दम्याच्या माणसाचा दम वाढतो. पिकांनाही तो लागतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशातला सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. म्हणजे ज्याचा रंग दिसत नाही, धूर दिसत नाही, तो वायू आपल्या ताटातला भातसुद्धा खातो.

आपल्या देशाची मर्यादा अशी आहे: आठ तासांची सरासरी एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमच्या आत, आणि एका तासाची १८० च्या आत. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ५० पीपीबी, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत ओझोनचे ५० भाग. हा ५० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हा कुठल्याच चिमणीतून येत नाही

धूळ रस्त्यावरून उडते, काजळी सायलेन्सरमधून येते. ओझोन असा कुठूनच बाहेर पडत नाही. तो हवेत शिजतो. शिजायला तीन गोष्टी लागतात.

पहिली, नायट्रोजनची ऑक्साइडं. त्यांना थोडक्यात नॉक्स म्हणतात. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये खूप उष्णता झाली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटतात आणि नॉक्स तयार होतो. ट्रक, बस, जनरेटर, कोळशावरची वीज, मोठी जहाजं, आपल्या बोटी, सगळ्यांतून तो येतो.

दुसरी, पटकन उडून जाणारे वायू. पेट्रोल भरताना येणारा वास, थिनरचा वास, फायबरच्या बोटीला रेझिन लावताना नाकात जातो तो वास, अर्धवट जळलेलं इंधन. झाडंसुद्धा असे काही वायू सोडतात.

तिसरी, कडक ऊन.

ही तीन एकत्र आली की काही तासांत ओझोन तयार होतो. म्हणून तो सकाळी कमी असतो, दुपारी १२ ते ५ च्या दरम्यान चढतो आणि रात्री उतरतो.

आता यातली खुबी बघा. नॉक्स हवेत काही तास, फार तर एखादा दिवस टिकतो. ओझोन मात्र अनेक दिवस, कधी कधी आठवडे टिकतो आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो. शिवाय धुराच्या अगदी जवळ ताजा नॉक्स उलट ओझोनला खातो. त्यामुळे गजबजलेल्या चौकात ओझोन कमी आणि वाऱ्याच्या दिशेने दूर, जिथे गाड्याही नाहीत तिथे जास्त, असं होतं. म्हणूनच ओझोन हा एका गावाचा किंवा एका शहराचा प्रश्न राहत नाही, पूर्ण प्रदेशाचा होतो. धूर एकाचा आणि खोकला दुसऱ्याचा, असा हा मामला.

पाण्यावर काय होतं?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. खेकडे आणि कालवं यांसाठी ती प्रसिद्ध आहे, आपल्यासारखेच लोक तिथे पोट भरतात. बाजूला बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन ही शहरं. तिथे पाण्यावर जाऊन मोजणी केली तेव्हा उन्हाळ्याच्या दुपारी पाण्यावर ओझोन शेजारच्या जमिनीपेक्षा जास्त असू शकतो असं दिसलं. आश्चर्य वाटेल, पण कारणं आपल्याला समजण्यासारखी आहेत.

एक, दुपारी जमीन तापते, हवा वर उसळते आणि घाण वर पसरून पातळ होते. पाणी मात्र थंड राहतं, त्यावरची हवा वर जात नाही, घाण खालीच दाटून राहते.

दोन, माती आणि झाडांची पानं ओझोन शोषून घेतात. पाणी तो फारसा घेत नाही.

तीन, पाण्यावर ढग कमी, ऊन जास्त.

चार, बोटी आणि जहाजांचा धूर तिथल्या तिथेच पडतो.

आणि पाचवी गोष्ट तांडेलाला सांगायची गरज नाही: रात्री मतलई वारा जमिनीवरची हवा दर्यात नेतो, दिवसा खारा वारा ती परत आणतो. शहरातला धूर रात्री बाहेर गेला, सकाळच्या उन्हात पाण्यावर शिजला आणि दुपारी ओझोन होऊन किनाऱ्यावर परत आला, असा फेरा चालतो.

आपल्या बाजूला काय? केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा म्हणून गाव आहे. मूळचं मच्छीमारांचं गाव, १९६३ साली देशाचं पहिलं रॉकेट तिथूनच सुटलं. तिथे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी ओझोन मोजला तेव्हा त्याचा दिवसाचा चढउतार खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांशी जोडलेला आढळला. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये ‘इंडोएक्स’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. जहाजं आणि विमानं घेऊन शास्त्रज्ञ अरबी समुद्र आणि हिंदी महासागरात गेले. किनाऱ्यापासून खूप आतपर्यंत जमिनीवरचा धूर पोचलेला त्यांना सापडला.

पश्चिम किनाऱ्यावर ओझोन पावसाळ्यात सगळ्यात कमी असतो. तेव्हा वारा नैऋत्येकडून, दूरच्या समुद्रावरून येतो, ढग असतात, पाऊस हवा धुतो. पावसाळा सरला की वारा जमिनीकडून यायला लागतो आणि ओझोन चढतो. आता आपलं मासळीचं वर्ष त्याच्या शेजारी ठेवून बघा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै बंदी. म्हणजे हवा सगळ्यात स्वच्छ असते तेव्हा ट्रॉलर बांधलेले असतात. पाऊस गेल्यापासून मेपर्यंत आपण दर्यावर असतो, आणि हवा जास्त खराब असण्याचे महिनेही तेच.

गरमी मध्ये आली की काय होतं?

आता मुख्य मुद्दा. समजा धूर तेवढाच ठेवला, एकही गाडी वाढली नाही, फक्त हवा तापली. तरी ओझोन वाढतो. कारण:

१. उष्णतेत रासायनिक क्रिया वेगाने होतात. थंड हवेत नॉक्सचा काही भाग दुसऱ्या एका संयुगात अडकून पडलेला असतो. गरमी वाढली की तो लगेच सुटा होतो आणि कामाला लागतो.

२. पेट्रोल, थिनर जास्त उडतं. झाडंही गरमीत जास्त वायू सोडतात. (म्हणून झाडं तोडा असा अर्थ कुणी काढू नये. नॉक्स नसेल तर झाडांचा वायू ओझोन करू शकत नाही.)

३. उष्णतेच्या लाटेत वारा पडतो. घाण हलत नाही.

४. झाडांना पाणी कमी पडलं की पानांची छिद्रं बंद होतात, मग पानं ओझोन शोषत नाहीत.

५. एसी, पंखे वाढतात, वीज जास्त लागते, कोळसा जास्त जळतो. वणवेही वाढतात.

शास्त्रज्ञ याला हवामानाचा दंड म्हणतात. आपण धूर कमी करण्यासाठी एवढी मेहनत केली, पैसे घातले, आणि त्यातला काही फायदा गरमी परत काढून घेते. जणू बोटीतलं पाणी उपसतोय आणि बुडाची फट हळूहळू मोठी होतेय.

हा दंड किती? त्याच अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ग्रामीण ठिकाणांची २१ वर्षांची मोजणी तपासली गेली आणि ती २००९ साली छापून आली. २००२ च्या आधी तिथे तापमान १ अंशाने चढलं की ओझोन ३.२ पीपीबीने चढायचा. मग तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रांवर नॉक्स कमी करायची सक्ती झाली. त्यानंतर तोच १ अंश चढला तरी ओझोन फक्त २.२ पीपीबीने चढू लागला.

हिशेब करा. नेहमीपेक्षा ५ अंश जास्त तापलेला दिवस घेतला तर आधी १६ पीपीबीची भर पडायची, नंतर ११ ची. आपली मर्यादा ५० पीपीबीच्या आसपास आहे, तिथे १६ आणि ११ मधला फरक लहान नाही. ऊन तेच, गरमी तेवढीच, फक्त हवेतली घाण कमी होती म्हणून दंड कमी बसला.

याची दुसरी बाजूही आहे. किनाऱ्यापासून फार दूर, जिथे नॉक्स जवळजवळ नाहीच, तिथे गरमी वाढली की ओझोन उलट कमी होतो. कारण गरम हवेत बाष्प जास्त असतं आणि स्वच्छ हवेतलं बाष्प ओझोन संपवायला मदत करतं. २०२१ साली आयपीसीसी या जागतिक हवामान समितीच्या अहवालातही हेच आलं: वाढत्या गरमीने दूरच्या समुद्रावर ओझोन घटेल आणि जिथे प्रदूषण आहे तिथे वाढेल.

म्हणजे गरमी ओझोन वाढवणार की घटवणार, हे हवेत आधीच किती धूर आहे त्यावर ठरतं. गरमी आपल्या हातात लगेच नाही. धूर मात्र बराचसा माणसाच्या हातात आहे.

मिथेनची गोष्ट वेगळी

मिथेन म्हणजे गोबर गॅसमधला मुख्य वायू. कुजणारा ओला कचरा, गुरं, पाणी साचलेली भातशेती, कोळशाच्या खाणी, तेल आणि गॅसच्या विहिरी इथून तो येतो. हा वायू पृथ्वी तापवतो, आणि हळूहळू जळत ओझोनही तयार करतो. तो हवेत साधारण १० वर्षं टिकतो, त्यामुळे जगात कुठेही सोडला तरी सगळीकडे पसरतो. १७५० च्या सुमारास हवेत तो ७३० पीपीबीच्या आसपास होता, आता १,९०० च्या वर गेलाय.

याचा अर्थ असा की एखाद्या राज्याने आपला सगळा धूर थांबवला तरी मिथेनमुळे बनलेला ओझोन बाहेरून येत राहणार. तिथे एकट्या गावाचं काही चालत नाही, देशादेशांनी मिळूनच करावं लागतं. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत बऱ्याच देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करायचं वचन दिलं. भारत त्यात सामील झालेला नाही. भातशेती आणि गुरं हे आपल्याकडे लहान शेतकऱ्यांचं पोट आहे, हा आपल्या देशाचा मुद्दा आहे. तो खोटा नाही. पण शहरांच्या कचऱ्याच्या डोंगरातून निघणारा मिथेन कुणाचं पोट भरत नाही, तिथे तर काम होऊच शकतं.

मिथेनचा एक फायदा आहे: तो १० वर्षांत निघून जातो. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. त्यामुळे आज मिथेन कमी केला तर गरमी आणि ओझोन दोन्हीवरचा फरक आपल्याच हयातीत दिसेल.

मग धूर कमी केला की झालं?

इतकं सरळ नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या थांबल्या, नॉक्स घटला, पण चीनमधलं वुहान आणि युरोपातली काही शहरं इथे ओझोन उलट वाढला. कारण वर सांगितलं तेच: शहरातला ताजा नॉक्स ओझोनला खात होता, तो गेला, पण उडून जाणारे वायू राहिले. यावरून ‘धूर कमी करून फायदा नाही’ असं म्हणणारे भेटतील. ते चूक आहे. नॉक्स आणि ते वायू दोन्ही एकत्र, आणि पूर्ण प्रदेशात कमी करावे लागतात, एवढाच धडा त्यात आहे.

आपला वाटा किती, आणि काय करायचं?

सगळा दोष मच्छीमारांच्या इंजिनावर टाकता येणार नाही. वीज केंद्रं, ट्रक, कारखाने, मोठी जहाजं यांचा धूर फार मोठा. जहाजांसाठी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर २०१६ पासून आणि बाल्टिक व उत्तर समुद्रात २०२१ पासून नवीन जहाजांना नॉक्सचे कडक नियम आहेत. अरबी समुद्र त्या यादीत नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाड्यांना १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. असे नियम जहाजांनाही आपल्या किनाऱ्याजवळ लागावेत, ही मागणी करण्याचा मच्छीमारांना पूर्ण हक्क आहे. तो धूर आधी आपल्याच नाकात जातो.

पण आपल्या हातातलं जे आहे ते करायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्यातलं बहुतेक खिशाच्याही फायद्याचं आहे:

– काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल, म्हणजे वाया गेलेले पैसे. बंदीच्या काळात इंजिन खोलताना इंजेक्टर आणि एअर फिल्टर तपासून घ्या. एक खरं सांगतो, ट्यूनिंगने काळा धूर जातो, पण नॉक्स त्याने जाईलच असं नाही. नॉक्स कमी करायचा सोपा रस्ता म्हणजे एकूण डिझेलच कमी जाळणं.

– बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडून काढा, पंखा साफ ठेवा. वेग थोडा कमी ठेवला तर डिझेल त्याहून जास्त प्रमाणात वाचतं. जाताना घाई असते, मान्य आहे, पण रिकाम्या परतीला तरी बघा.

– जेटीला लागल्यावर विनाकारण इंजिन चालू ठेवू नका. मालीम असो, कुटबण असो, शापोरा असो की वास्कोचा खारीवाडा, बोटी एकमेकींना खेटून असतात. एकाचा धूर दहा जणांच्या तोंडात जातो.

– पेट्रोल, थिनर, रेझिनचे डबे घट्ट बंद ठेवा. हे काम शक्यतो सकाळी करा.

– फाटकी जाळी, थर्माकोल, प्लास्टिक किनाऱ्यावर पेटवू नका. मासळीचा कचरा ढीग घालून कुजत ठेवू नका.

तब्येतीचं

ओझोन हा वायू आहे, रुमाल किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही. वेळ सांभाळणं हाच उपाय. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात जड काम, जाळी ओढणं, बर्फ चढवणं, रंगकाम, जमेल तेवढं सकाळी ११ च्या आत उरका. सुकी मासळी घालणाऱ्या आपल्या बायका नेमक्या कडक उन्हात तासन्‌तास वाळूवर असतात. मासळीला ऊन हवं, पण उलथापालथ सकाळी आणि उतरत्या उन्हात करता येते, मधल्या वेळेत सावलीत बसावं. ज्यांना दमा आहे त्यांनी पंप जवळ ठेवावा, बोटीवर जातानासुद्धा. दुपारी काम करताना छातीत दुखलं, खोकला थांबला नाही, तर ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप फुकट आहे. त्यात जवळच्या केंद्राची हवा आणि त्यात ओझोन किती ते दिसतं. फक्त एक ध्यानात ठेवा: ते केंद्र जमिनीवर असतं. पाण्यावरचा आकडा वेगळा असू शकतो, हे चेसापीकने दाखवून दिलंय. म्हणून एखादं मोजणी केंद्र मोठ्या जेटीवरही असावं, असं आपण सगळ्यांनी मिळून म्हणायला हवं. आपण वाऱ्याचा अंदाज, लाटांचा अंदाज रोज बघतो. हवेचा अंदाजही त्यातच धरला पाहिजे, आणि त्यासाठी आधी कुणीतरी ती मोजली पाहिजे.

गरमी वाढतेय हे दर्यावर जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ती थांबायला वेळ लागेल. तोवर धूर जितका कमी, तितका त्या गरमीचा दंड आपल्याला कमी भरावा लागेल.

ही माहिती घरात वाचून दाखवा, खलाश्यांनाही सांगा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा किंवा संस्थेच्या कार्यालयात या.

आपला,
सचिव